बारावा आठवडा

चारही गेलेत, म्हणाला वर्गीस.
रुपयाचं नाणं खाचेत उभं खुपसून दाखवलं,
जेमतेम काठ बुडाला.

तुर्भ्याच्या या गल्लीत सकाळी कांद्याचा वास असतो,
दुपारी तापलेल्या रबराचा.
मी नऊ हजार दोनशे घेऊन उभी,
पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेनला सेफ्टी पिन लावून.
भिशी लागली त्यातनं सोसायटीचं थकलेलं गेलं,
मग दिगंबरच्या डोळ्यातलं इंजेक्शन.
एका इंजेक्शनात किती टायर येतात
हे मला आता तोंडपाठ आहे.

नवे चार : चौदा हजार चारशे.
"रिमोल्ड घेता का ताई? कोपरखैरणे ते वाशी, काय होतंय?"
काय होतंय ते मी सायन-पनवेलच्या कडेला पाहिलंय :
भाजल्या वांग्याच्या सालीसारखी
सोलून पडलेली ट्रकच्या टायरची पाठ.

मग तो माळ्यावर चढला.
"हे बघा. वापरलेलेच नाहीत. एक किलोमीटर नाही पळाले.
रबराचे केससुद्धा तसेच आहेत.
चारांचे साडेआठ."

साडेआठ. म्हणजे सातशे उरतात.
मी मनातल्या मनात पापलेट आणून धुऊनही टाकलं.

दिगंबर दाराला धरून उतरला,
टायरपाशी उकिडवा बसला
आणि अंगठा फिरवत गेला कडेवरून,
नावावरून, मापावरून, बाणावरून,
एका लांबट चौकटीशी थांबला.
बारा, म्हणाला. मग जरा वेळानं, वीस.
सन वीस. आठवडा बारावा.

मार्चातला तो.
पुढच्याच आठवड्यात सगळं बंद झालं.
कुणीतरी हा साच्यातून काढला असेल, थापटला, रचला
आणि डबा घेऊन घरी गेला असेल.
तेव्हापासून हा कुठकुठल्या गोदामांत
पोटात अंधार धरून गोल बसलेला.

त्याच आठवड्यातलं माझं लायसन्स आहे.
वाशी आरटीओ, तारीख एकोणीस.
तेही चार वर्षं एक किलोमीटर नाही पळालं.
गाडी तोच चालवायचा,
मी शेजारी बसून टोलचे सुटे काढायचे.

"न वापरलेलं म्हणजे नवं नव्हे," दिगंबर वर्गीसला म्हणाला,
"रबर आहे. नुसतं बसूनही कडक होतं."
मग एकदम गप्प झाला.
टायरबद्दलच बोलत होता तो.
मी खाचेत पाहत होते :
केसाएवढी एक भेग, सरळ, आतपर्यंत.

दोन घेतले. नवे, यंदाचे, अंगठ्यानं तपासून.
मला वाटलं पुढं लावायचे, स्टेअरिंग पुढं असतं.
वर्गीस म्हणाला, नाही, मागं.
पुढचं घसरलं तर हाताला कळतं,
मागचं कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.
जुन्यांतले त्यातल्या त्यात बरे दोन पुढं आले.
किती चालतील?
तो नुसता मान हलवत राहिला,
हो म्हणतोय की नाही ते कळू न देता.

"अलाइनमेंट करू?"
किती?
साडेतीनशे.
राहू दे.

वळसा घालून मुद्दाम पाम बीचनं आले, चाळीसच्या वेगानं.
नवं रबर आधी निसरडं असतं, मग रस्ता धरतं, असं सांगितलं होतं त्यानं.
मागचे हॉर्न मारून मारून पुढं गेले.
खाडीकडे फ्लेमिंगो होते, मी बोलले नाही.
तो डोळे मिटून ऐकत होता.

"मागचे गप्प आहेत," म्हणाला, "पुढचे अजून बोलतायत."
थोड्या वेळानं :
"डावीकडे ओढतेय का गं?"

रस्ताच उतरता आहे, म्हटलं,
आणि दोन्ही हातांनी
जराशी उजवीकडे धरून ठेवली.