तिसरा ठोका

लांजेवारांना ऐकू येत नव्हतं.
जुन्या गिरणीनं कान ठेवून घेतले, म्हणायचे,
पावतीसुद्धा दिली नाही.

परदेशीपुऱ्यातल्या त्या शेडमध्ये बारा माग.
मी तपासणीच्या टेबलाशी, एकोणीस वर्षांची,
बोटांना खडू, समोर टॉवेलांची न संपणारी वाट.
पहिल्याच दिवशी त्यांनी माझा तळवा
सात नंबरच्या लोखंडावर टेकवला.
डोळे मीट. मोज.
हलका. हलका. जड.
हलका. हलका. जड.
"टॉवेल म्हणजे एवढंच, पोरी.
बाकी नुसतं कापड."

मग पोह्यांच्या कागदावर, तेलाच्या डागाला वळसा घालून,
पेन्सिलीनं काढून दाखवलं:
बीम दोन. खालच्याचे धागे
नव्या नवारीच्या खाटेसारखे ताठ,
वरच्याचे मुद्दाम सैल सोडलेले.
आडवा धागा येतो, फणी त्याला पुरता ठोकत नाही,
कापडापासून अर्ध्या बोटावर ठेवून मागे फिरते.
दुसराही तिथंच.
तिसऱ्याला मात्र ती शेवटपर्यंत येते
आणि तिघांना एकदम रेटते काठाशी.
ताठ धागे जागचे हलत नाहीत,
आडवे त्यांच्यावरून घसरत जातात,
सैल धागे तिघांच्या चिमटीत सापडून फरफटत येतात,
पुढे जागा नसते,
म्हणून उठतात. काही वर, काही खाली.
"ही वेटोळी. पाणी राहतं ते हिच्या पोटात."

मीटरभर टॉवेलाला वरचा बीम पाच मीटर सूत देतो,
खालचा मीटर, वर फार तर दोन-तीन बोटं.
मी हातवारे करून विचारलं,
मग खालचा धागा कुणाला दिसतो का?
त्यांनी कागदाची पुडी केली, खिशात घातली.
"झिजल्यावर."

जानेवारीतली रात्रपाळी.
शेडच्या दुसऱ्या टोकाला ते स्टुलावर,
फळीवर चहाचा ग्लास.
रोज त्या चहावर दोन बारीक वळी उठायची, मग एक मोठी.
त्या रात्री तिन्ही सारखीच उठली.
ते ग्लास तसाच टाकून उठले,
सातचा कॅम झिजला होता;
आम्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.
माझ्या टेबलावर येईपर्यंत
पाऊण मीटर सपाट विणून झालं होतं,
मांजरपाटासारखं, एकही वेटोळं नसलेलं.
मी खडूनं फुली मारली.
त्यांनी तो तुकडा मागून घेतला.

द्वारकाबाई तेव्हा एमवायमध्ये, चौथ्या मजल्यावर.
मी डबा घेऊन गेले तर ते
खाटेच्या दांडीवर तळवा ठेवून बसलेले.
पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती.
"ह्या मशीनचा ठोका एकसारखाच," ते म्हणाले,
"मला वाचता येत नाही."
बाईंच्या कपाळावर घाम.
आपल्या शेडचा टॉवेल त्यांना टोचायचा,
म्हणून तो सपाट तुकडा आणलेला,
चार घड्या करून.
तो पाणी पीत नव्हता.
घाम नुसता इकडचा तिकडे सरकायचा,
आणि ते पुसत होते,
पुन्हा घडी उलटून पुसत होते,
हलका हात, हलका हात.

शेड आता गोदाम आहे. माग भंगारात गेले,
सात नंबर सगळ्यांत शेवटी, जड होता म्हणून.

काल मालवा मिलच्या चौकात दुकानदार म्हणाला,
हात लावून बघा ताई, लोण्यासारखा आहे.
मी बघितला.
मग दोन्ही अंगठ्यांनी वेटोळी बाजूला सारली,
डोक्यात उवा शोधतात तशी,
आणि तळाशी तो ताठ धागा सापडेपर्यंत
गिऱ्हाइकांना खोळंबून ठेवलं.