पाऊण इंच माया

गोराईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा ओहोटी होती,
तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर काढून उभी.
पिशवीत चार ब्लाउज.
एकातही मी मावत नाही आता.

इनास फरेल मशीन ओट्यावर घेऊन बसतो, चिकूखाली.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने गुंडाळलेली.
ब्लाउज उलटा करतो, शिवण नखाने चाचपतो,
म्हणतो, आहे माया. पाऊण इंच.
मीच ठेवलेली. तू तेव्हा नको म्हणत होतीस.

मग उसवता उसवता, मी काही विचारलेलं नसताना:
माया नावाची माणसं असतात, ठाऊक आहे, बाय?
शाळेत होती एक, मी म्हटलं, माया पेडणेकर.
तशी नाही गं. अख्खा मुलूख.

त्र्याऐंशी साली बोटीवर होता तो, इंजिनाच्या पोटात, तेलपाण्याला.
प्रोग्रेसो नावाचं बंदर. धक्का समुद्रात इतका लांब
की चालता चालता गाव मागे दिसेनासं होई.
पंप बिघडला, अकरा दिवस बोट अडकली.
किनाऱ्यावर माडच माड, जाळी वाळत टाकलेली,
तळलेल्या मासळीचा वास.
मला वाटलं, कप्तानाने फसवलं,
फिरवून फिरवून मनोरीलाच आणून सोडलं.

सातव्या दिवशी एका केळीवाल्याबरोबर बसने गेला, आत, जंगलात.
दगडाचा डोंगर, पण माणसांनी रचलेला.
पायऱ्या अशा उभ्या की उतरताना बसून उतरला,
नवी पँट मागून फाटली.
(हे सांगताना तो हसला नाही. शिंपी आहे.)
घोरपडीएवढे सरडे उन्हाला पसरलेले, जणू घरमालक.
पायथ्याशी उभं राहून टाळी वाजवली
तर वरून पाखरू ओरडल्यासारखा आवाज परत आला.
पाखरू नव्हतंच. पायऱ्याच बोलत होत्या.

आणि एका दरवाजावर लाकडाची तुळई,
हजार वर्षांची, म्हणे, वाळवीनेही तोंड न लावलेली.
केळीवाल्याने झाडाचं नाव सांगितलं, कळलं नाही.
मग त्याने खिशातून फळ काढून दिलं.
इनासने मान वर केली, फांद्यांकडे.
हे. हेच होतं.

त्या दरवाजाच्या आत, कोपऱ्यात,
जिथे ऊन कधी पोचलं नाही तिथे
तळहाताएवढा लाल रंग होता अजून.
बाकी सगळं पांढरंफटक.

तासाभराचं काम आहे, म्हणाला, चौकचा किल्ला बघून ये.
काय आहे तिथे?
काही नाही. म्हणून तर जायचं.

रिक्षावाल्याने वाट बघायचे वीस रुपये वेगळे सांगितले.
दार नसलेला दरवाजा, भिंतीतून उगवलेला पिंपळ,
सपाट दगडावर कुणीतरी जवळा सुकत घातलेला,
त्यावर माश्या.
खाली समुद्र, दोन होड्या, एक निळी.
कुणी पाहत नाही असं बघून
मी टाळी वाजवली.

एका शेळीने मान वळवली.
मी दुसऱ्यांदा वाजवली नाही.
पण लगेच निघालेही नाही.

परत आले तर ब्लाउज घडी घालून तयार.
उलगडून पाहिलं: दोन्ही कुशींना
बोटभर रुंद पट्टी, गडद मोरपंखी,
दुकानातून आणला त्या दिवशीचा रंग.
बाकीचं अंग विटलेलं.
इतकी वर्षं हा रंग मी अंगावर घेऊन हिंडत होते
आणि मला दिसला नव्हता.

लोकांना कळेल, मी म्हटलं.
कळू दे, इनास म्हणाला. दोन धुण्यांत जाईल.
आता आत काही उरलं नाही, बाय.
पुढच्या वेळी कापड नवीन आण.

एकशे साठ रुपये घेतले.
चिकू सहा दिले, त्याचे घेतले नाहीत.
बोटीत एक खाल्ला, ओठ चिकट झाले.
काळ्या बिया मुठीत तशाच,
खाडीत टाकाव्या की नाही, ठरेना.