पाणी कुठं मुरतं

आमच्या वसाहतीत एकशे बारा घरं आणि एक तळं.
नकाशात ते 'पाणी साठवण क्षेत्र, ब' आहे.
घर विकायच्या वेळी मात्र त्याचं सरोवर होतं
आणि काठावरचं घर नऊ हजार डॉलरनं महागतं.

मी इथली सचिव. सहा वर्षं झाली.
इतिवृत्त लिहिते, नोटिसा धाडते.
कचऱ्याचा डबा बुधवारनंतर रस्त्यावर दिसला, तर एक.
कुंपण पांढरं सोडून दुसऱ्या रंगाचं, तर एक.
नाताळचे दिवे फेब्रुवारीतही लुकलुकत असले
तर एक, पण जरा मऊ भाषेत,
कारण ओहायोतला फेब्रुवारी
कुणालाच सोसत नाही.

डेल्बर्ट यॉस्ट, घर क्रमांक सत्तेचाळीस.
त्याच्या दारात ट्रेलर उभा असायचा.
ट्रेलरवर फावडं, दाताळं, मांडीपर्यंतचे रबरी बूट,
चिखल वाळून पोपडे धरलेले.
नियम आठ, पोटकलम तीन: अठ्ठेचाळीस तास.
समोरच्या प्रुइटबाईंनी फोटो पाठवले,
तारीखवार, एकूण एकतीस.
मी पहिली नोटीस पाठवली. मग दुसरी.
तिसरीपासून दंड, दिवसाला पंचवीस डॉलर.

तो सभेला आला, टोपी हातात धरून.
इतिवृत्तात आहे, माझ्याच अक्षरात:
'श्री. यॉस्ट यांनी ट्रेलर कामाचा असल्याचे सांगितले.
कसले काम, असे कोणीही विचारले नाही.'

नाही. दुसरं वाक्य तिथं नाहीये.
ते आज लिहितेय.

पानगळीआधी त्यानं घर विकलं.
नव्या जोडप्यानं दार रंगवलं, मंजूर यादीतल्या 'ओली वाळू' रंगात.
प्रुइटबाई म्हणाल्या, कसं मोकळं मोकळं वाटतं.

मार्चमध्ये दोन दिवसांत सगळा बर्फ उतरला.
तळं रस्त्यावर आलं, अगदी हळू,
शेजारीण वाटीभर साखर मागायला यावी तसं.
मग पायऱ्या उतरून प्रुइटबाईंच्या तळघरात गेलं
आणि बसलं.

काउंटीनं इंजिनिअर पाठवली, पंचविशीतली,
जॅकेटवर नाव शिवलेलं: किंझर.
गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं विचारलं,
ही जाळी कोण साफ करायचं?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
गवत कापायचं कंत्राट आहे. कारंज्याचं आहे.
बदकं हुसकायला एक माणूस कुत्रा घेऊन येतो,
त्याचे महिना चारशे.
जाळीपुढे, अंदाजपत्रकात, काही नाही.
जाळी हा शब्दच नाही.

कुणीतरी करत होतं, ती म्हणाली.
बोल्टना ग्रीस आहे. आणि हे बघा,
वेतांमध्ये रोवलेली एक खुंटी,
तिच्यावर पांढऱ्या रेघा, शेजारी साल:
पाणी कुठवर चढलं. अकरा रेघा.
रंग कुंपणाचा होता. मंजूर पांढरा.

कुठं पाणी मुरतंय, हे हुंगून काढणं
इतकी वर्षं माझं काम.
कुठं ते मुरत नाही आणि तरीही का तुंबत नाही,
हे कधी मनातही आलं नाही.

नंबर शोधून फोन केला.
दंडाबद्दल तो बोलला नाही. मीही नाही.
ऑक्टोबरात पानं चिकटतात, म्हणाला,
तेव्हा दाताळं उलटं धरायचं.
पहाटे जायचं, बदकं उठायच्या आत,
नाहीतर चावतात.

आज तिसरी खेप.
बूट दारात वाळत ठेवलेत.
रस्त्यावरून सरळ दिसतात.
समोरचा पडदा हलला, थांबला,
पुन्हा हलला.

राहू देत तिथंच.
मलाही अठ्ठेचाळीस तास आहेत.