मारे

सुलिनाच्या शाळेत यंदा लॅटिनला चौघंच.
खिडकीबाहेर डॅन्यूब संपते;
गढूळ पाण्याची रेघ थोडी आत जाते,
मग तिला नाव राहत नाही.

फळ्यावर लिहिते: मारे. समुद्र.
नपुंसकलिंग. प्रथमा, द्वितीया एकच.
बुडवतो तो, आणि काठावर बसून
ज्याला बघायचं तोही,
रूपात फरक नाही. फाटे फोडू नका, पाठ करा.

‘बाई, आपल्याकडे मारे म्हणजे मोठंसुद्धा,’
येवसेई म्हणतो. लिपोव्हान कोळ्याचं पोर,
वहीच्या पानांना खवले चिकटलेले.
‘मोठा समुद्र म्हणायचा तर मारे मारे. तोतरं वाटतं.’

अर्गिरो म्हणते, इंग्रजीत हीच चार अक्षरं घोडीची.
लेत्याच्या रानात मोकाट घोड्या आहेतच,
त्यांना कुणी काही म्हणत नाही.

मग मीही मारे ऐटीत
अजून एक काढते पोतडीतून:
मास म्हणजे पुरुष, त्याचंही एक रूप मारे.
पुरुषाकडून. पुरुषासोबत. पुरुषापासून.
तिन्ही अर्थ एकाच प्रत्ययात, संदर्भाने ओळखायचे.

तिघं हसतात.
चार वर्षं झाली, येवसेईची आई
कास्तेयोला संत्र्यांच्या पेट्या भरते.
कुणासोबत गेली, कुणापासून गेली,
हे गाव धक्क्यावर जाळी विणताना
रोज नव्या विभक्तीत चालवून बघतं.
लाजेमारे मी खाली वाकून खडू शोधत राहिले.
खडू हातातच होता.

घंटा झाल्यावर तो थांबला.
‘तिकडे मारे म्हणजे आई.
ती फोनवर म्हणाली. मालकिणीची मुलगी
जिन्यातून हाक मारते: मारे!
आणि हिची मान वळते, उगीच.’
मी सांगितलं, तो शब्द वेगळा.
मूळ मातेर. येता येता मधला त झिजला.
‘कुठे झिजला?’
वाटेत, म्हटलं. वापरून वापरून.
‘आमच्याकडे तर कुणी वापरतच नाही,’ म्हणाला,
आणि दप्तर उचलून धक्क्याकडे गेला.

काल पेपर तपासले.
तिसरा प्रश्न, भाषांतर करा: मारे विदेओ.
तिघांनी लिहिलंय: मी समुद्र पाहतो.
येवसेईने लिहिलंय: मी आईला पाहतो.

लाल पेन बराच वेळ उघडं राहिलं, शाई सुकली.
दुसरं आणलं. अर्धा गुण दिला.

द्वितीया बरोबर होती.