दोनशे ज्यूल

वरुडच्या मंडीत मेटाडोरला टेकवलेली सागाची फळी.
देवमनकाका वरून वीस किलोची पेटी सोडतात, न ढकलता.
अडीच मीटर, अडीच सेकंद.
म्हणजे तळाशी वेग दोन.

उंची एक मीटर वीस.
वर दोनशे चाळीस ज्यूल होते,
खाली पोचले चाळीस.

"मंग दोनशे गेले कुठी?"
अडतीत एक संत्रं कमी भरलं
तर काकांना झोप लागत नाही.

घर्षणानं खाल्ले, मी म्हणते.
भागिले अडीच: ऐंशी न्यूटन.
फळीचा कोन मोजायचीही गरज पडली नाही.

काका फळीवर तळवा ठेवतात,
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
"पेटी वर चढोताना बी खाते का थे?"
चढतानाही. तेवढंच.
"लेकाचं दोन्हीकून खाते!"
हमाल हसतात, खांदे चोळत.

उद्या फळीला तेल लावू, कुणीतरी म्हणतं.
मी वहीत पुन्हा मांडते:
घर्षण शून्य, वेग जवळजवळ पाच.
पेटी खाली झेलणार कोण?

"राहू दे मंग."
काका तळाची पेटी उघडतात.
एकही संत्रं चेमटलेलं नाही.
त्यातलं एक सोलून माझ्यापुढं धरतात,
ऐंशीवर रस सांडतो.