भिंतीचा कान

दरवाजा एकच, तोही वाकून जाण्याइतका.
मागे लोखंडी जाळी: उभे गज आडव्यांतून ओवलेले,
आडवे उभ्यांतून, टोपली विणावी तशी.
लोहाराचा हात एका घरात चुकलाय.
ते मला रोज सकाळी दिसतं.

सहा फूट जाड भिंती. तळाला कमानीचं कोठार,
त्यावर दिवाणखाना, त्यावर निजायच्या खोल्या.
सगळं घरच उभं केलेलं,
कारण त्या काळी डॉन नदीच्या खोऱ्यात
शेजारी आडवे यायचे.

गोल जिना उजवीकडे वळत चढतो.
वरच्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा म्हणून,
असं ग्रिझेल मॅकॉम्बी तिकीट फाडताना सांगते.
मला वाटतं, गवंड्याच्या गुरूने जिने तसे वळवले,
म्हणून यानेही वळवला.

मी चुन्याचं काम करते.
माझ्या आईच्या लहानपणी कुणीतरी
बॅलंडर्गच्या अंगावर सिमेंट थापलं.
आत शिरलेलं पाणी आतच राहिलं,
भिंत साठ वर्षं घुसमटली.
एप्रिलपासून आम्ही दोघं ते खरवडतोय,
मी आणि निनियन. त्याला एकोणीस पूर्ण.

चुना लावणं म्हणजे फसवणं, असं म्हणतात.
आम्ही लावत नाही, फेकतो,
मनगटाच्या उलट्या झटक्याने, खड्यांसकट.

आज तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या कुशीत,
सिमेंटचा पोपडा निघाला आणि मागे भोक.
मुठीएवढं, तिरकं, खाली दिवाणखान्यात उतरणारं.
भिंतीला कान असतात, म्हणतात सगळेच.
कोपरापर्यंत हात घालून पाहिला मी.

मग कान लावला.

"नाही गं आई, तिला अजून नाही सांगितलं.
तेलाच्या फलाटावर दुप्पट देतात.
हो, वाईट वाटेल तिला.
हात बघ ना माझे, फुटलेत नुसते.
नाही, तशी चांगली आहे.
गुणगुणते फक्त दिवसभर. बेसूर."

इथला मालकही असाच बसला असेल,
मांडीवर पांघरूण, गाल दगडाला टेकून,
खाली पाहुणे, मेंढीचं मटण, मेणबत्त्या.
ऐकले असतील कट, लेकीच्या लग्नाचे सौदे.
किंवा एवढंच, की म्हातारा घोरतो,
आणि रस्सा पातळ आहे.

आराखड्यात या भोकाची नोंद नाही.
बुजवायला अर्धी बादली पुरेल.

खाली गेले. लोकरीच्या तेलाची डबी
त्याच्यापुढे सरकवली.
"रात्री चोळ, आणि हातात मोजे घालून झोप."
"का?"
"चुना," मी म्हटलं.

दुपारभर आम्ही उत्तरेची बाजू मारली.
वारा होता, निम्मा माल आमच्याच अंगावर.
चारच्या सुमाराला फळीवरून तो म्हणाला,
"बरं नाही का तुला?
आज गात नाहीयेस."