सिलीपाटाखालची माती

पूर्णेच्या यार्डात, जुन्या लोको शेडच्या मागे,
मीटरगेजचे सिलीपाट उपटून रचले होते
आणि तिथंच विसरले.
त्यांच्या खालची ओंजळभर माती मी आणली
आइस्क्रीमच्या धुतलेल्या डब्यात.
नांदेडच्या बसमध्ये शेजारची बाई म्हणाली,
डांबराचा वास येतोय का कशाचा?
मी डबा सीटखाली सरकवला.

मला तो वास घरचा.
दादांच्या खाकी शर्टाला यायचा,
काळ्या तेलात मुरलेलं लाकूड वाहून वाहून;
माय तो वेगळ्या बादलीत भिजवायची.
मायच्या हातांचा वास दुसरा, पण त्याच गणगोतातला:
रेल्वे दवाखान्याच्या फरशीवर सव्वीस वर्षं
पाण्यात पडताच दुधासारखं फुटणारं
काळं फिनेल.

कुंटूरकर सर म्हणाले, साखर द्यायची नाही.
क्षार, पाणी, आणि खायला फक्त फिनॉल.
तेही चिमटीएवढं,
जास्त झालं तर खाणारेसुद्धा मरतात.

पहिला दिवस काही नाही.
दुसरा दिवस काही नाही.
तिसऱ्या रात्री लाइट गेली, शेकर थांबला.
त्यांना हवा लागते म्हणून मी आणि समरीन
आळीपाळीनं चंबू हलवत बसलो,
तान्ह्या पोरासारखे, मोबाइलच्या उजेडात, घामानं निथळत.
पहाटे समरीन म्हणाली, बघ.
गढूळ.
गढूळ पाणी बघून मी आयुष्यात पहिल्यांदा हसले.

फिनॉल म्हणजे सहा कार्बनचं कडं.
जोर सगळ्यांनी सारखा वाटून घेतलेला,
कच्चा दुवा कुठंच नाही,
धरावं तर कुठं?
हे जीव झोंबाझोंबी करत नाहीत.
हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू आणतात,
कड्याला असलेल्या हाताच्या अगदी शेजारी
आणखी एक हात बसवतात.
कॅटेकॉल.
आता कडं जरा अवघडतं.
मग त्या जोडहाताच्या लगत
ऑक्सिजनची अख्खी जोडी सारली, की उघडतं.

मायची अंगठी अशीच निघाली होती.
फिनेलनं बोट सुजलेलं,
साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला.
डहाळे सोनारानं खालून पातळ पत्रा सरकवला,
कानस हातात घेतली आणि म्हणाला,
तोडायची न्हाई बाई, उघडायची हाय.

उघडलं हे कळतं रंगावरून.
प्लेटवरच्या ठिपक्यांवर मी कॅटेकॉल फवारलं,
आणि पांढरे ठिपके बघता बघता पिवळे झाले,
वसमतच्या हळदीहून फिके,
पण पिवळेच.
पुढे त्या उघड्या साखळीचे तुकडे पडतात,
तुकड्यांचे तुकडे,
आणि शेवटी जे उरतं ते पोटात भाकरीचंही होतं.
त्यांच्या चुलीत आणि आपल्या चुलीत
जळण एकच.

रात्री मायला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, मंजी जंतू मारायचं औषिद
जंतूच खातेत?
हो माय. सगळे नाही. थोडे.
कुठं घावले?
यार्डात. दादांच्या सिलीपाटाखाली.
ती गप्प झाली.
मागं मालगाडी गेली, डबे मोजावेत इतकी लांब.
मग म्हणाली,
तुज्या दादाच्या अंगात नव्हते का गं ते?

माझ्याकडे चार वह्या भरून नोंदी होत्या.
कुठल्या तापमानाला किती, किती तासांत किती उरलं.

उरलेली माती टाकायची नसते.
डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, फ्रीजमध्ये ठेवायची.
पूर्णा, जुनं यार्ड, एक फूट खोल, तारीख.
खाली नमुना घेणाऱ्याचं नाव.
मधलं नाव मी नेहमी एका अक्षरात उरकते.
या वेळी जागा पुरेना,
तरी बारीक अक्षरात, काठापर्यंत, पूर्ण लिहिलं:
लिंबाजी.